'डेड मॅन्स पेनी' खरी की नक्कल, आणि साफ कशी करायची?

नाणेप्रेमी:
पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना ब्रिटनने दिलेली ती कांस्याची चकती विकायला आली आहे. सध्या फोटोच पाहिलेत. नाव स्वच्छ वाचता येतं, कडेला मात्र हिरवट पूड दिसते. अस्सल आहे हे कशावरून ठरवायचं? घेतल्यावर घासून चकचकीत करू का?

ओतकाम:
आधी व्यास मागवा, तोही कॅलिपरने, दोन-तीन दिशांनी मोजलेला. अस्सल चकती सुमारे १२० मिमी भरते. नक्कल बहुतेक वेळा अस्सल चकतीवरच साचा घेऊन ओततात. कांसं थंड होताना दीडेक टक्का आकसतं, त्यामुळे ती ११८ मिमीच्या आसपास येते. तळाशी गरुडाला धरलेला छोटा सिंह आहे, तिथला तपशीलही नकलेत बुजतो. मोठ्या सिंहाच्या पुढच्या पंजाच्या वरच्या बाजूला शिल्पकार एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांची आद्याक्षरं भिंगातून स्पष्ट दिसायला हवीत.

खरी मेख नावाच्या चौकटीत असते. अस्सल चकतीवर नाव उठावाचं असतं. खोदलेलं दिसलं तर सोडून द्या. कधी चकती अस्सल असते, पण साधं नाव तासून त्या जागी जास्त किंमत देणारं नाव बसवलेलं असतं. तेव्हा चौकटीचा तळ बाकी पृष्ठभागापेक्षा खोल लागतो, कानसीचे ओरखडे राहतात, रंगही वेगळा पडतो. तिरप्या उजेडातला फोटो मागा, लगेच कळेल. चकतीच्या पाठीवर वुलिच शस्त्रागाराची, म्हणजे नंतर जिथे चकत्या बनल्या त्या कारखान्याची, खूण नाही म्हणून घाबरू नका. सुरुवातीचं उत्पादन लंडनमधल्या ॲक्टनला होत होतं.

जुनी_कागदपत्रं:
चकतीवर हुद्दा मुद्दामच नाही. मरणात सगळे समान, हा त्यामागचा विचार, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पण त्यामुळेच नुसत्या नावावरून माणूस ठरत नाही. एकाच नावाचे डझनभर निघतात. सोबतच्या स्मृतिपत्रावर हुद्दा आणि रेजिमेंट असते. ते किंवा पदकं असतील तरच युद्धात मेलेल्यांच्या कबरींची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीशी खात्रीने जुळवता येतं. चकतीवरच्या इंग्रजी मजकुरात 'ही डाइड' (तो मेला) याऐवजी 'शी डाइड' (ती मेली) असेल तर दुप्पट सावध राहा. एकूण तेरा लाखांहून जास्त चकत्यांत त्या जेमतेम सहाशे होत्या.

ओतकाम:
घासू नका. ब्रासो, लिंबू, व्हिनेगर यांनी गडद पापुद्रा जातो, तो परत येत नाही. हिरवा थर घट्ट असेल तर राहू द्या. फिकट, भुरभुरीत पूड पुन्हापुन्हा उगवत असेल तर तो क्लोराइडचा रोग. दमटपणा मिळाला की आत खात जातो. लाकडी काडीने पूड काढा, ॲसिटोनने पुसा, सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. दोनेक आठवड्यांत पूड आली नाही तरच मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. पीव्हीसीची पिशवी आणि ओक लाकडाची पेटी नको, दोन्हींतून आम्लाची वाफ सुटते.