मदत हवी आहे: शिवलिंगीच्या बिया थांबवायच्या कशा?

माझ्या धाकट्या जावेला दुसरा महिना लागलाय. पहिली मुलगी, आता मुलगा व्हावा म्हणून सासूबाई रोज अनशापोटी गोऱ्हा असलेल्या गाईच्या दुधातून शिवलिंगीच्या बिया देतात. बिचारी मळमळत असताना गिळते.

मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच, बापाकडून आलेल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं, हे सांगून झालं. तर दिरांनी २००८ चा ब्रिटनमधला ७४० बायकांचा अभ्यास पुढे केला: गर्भ राहण्याच्या सुमारास भरपूर खाणाऱ्यांना मुलगे जास्त. पण २००९ मध्ये संख्याशास्त्रज्ञांनी तो निव्वळ योगायोग असू शकतो म्हटलंय. आणि आता दुसऱ्या महिन्यात काय बदलणार?

या बियांनी बाळाला अपाय होतो का? कुणी डॉक्टर असाल तर प्लीज सांगा. सासूबाईंना न दुखावता हे बंद कसं करायचं?