'५०० च्या वर' म्हणजे ५०० धरून की सोडून?

(बोलणाऱ्यांची नावं म्हणजे सोलापुरातले त्यांचे भाग.)

बाळीवेस: टॉवेलच्या दरपत्रकात नियम आहे, "५०० डझनच्या वर ५ टक्के सूट". एक्सेलच्या सूत्रात एकाने > घातलं, दुसऱ्याने >=. बरोबर ५०० डझनांच्या ऑर्डरला सूट बसते का? 'च्या वर'मध्ये काठावरचा आकडा येतो?

होटगी रोड: नाही. ५०० धरायचे तर "५०० पासून पुढे" किंवा "किमान ५००", म्हणजे >=. "५०० पर्यंत" म्हणजे <=, आणि "५०० च्या आत" म्हणजे <.

अक्कलकोट रोड: 'आत'चं पटत नाही. "दहा दिवसांच्या आत पैसे भरा" असेल तर दहाव्या दिवशी भरलेले कोण उशिरा धरतं?

होटगी रोड: मग 'चाळिशीच्या आत'मध्ये चाळीस धरणार का?

शेळगी: ४९९, ५००, ५०१ टाकून सूत्र तपासा आणि ५०० चा निर्णय मालकाकडून लेखी घ्या. शिवाय ५०० ते १००० असा टप्पा असेल तर एक्सेलमध्ये ५००<=नग<=१००० असं सलग लिहू नका. आधी डावीकडची तुलना होते, तिचं उत्तर ट्रू (खरं) नाहीतर फॉल्स (खोटं). एक्सेल या दोन्हींना कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं मानतं, म्हणून शेवटी कायम फॉल्सच. जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा ट्रूला १ आणि फॉल्सला ० धरते, तिथे कायम ट्रू. पायथॉन या दुसऱ्या भाषेला सलग चालतं. एक्सेलमध्ये अँड (AND) या फंक्शनच्या कंसात दोन तुलना वेगळ्या द्या.

बाळीवेस: या चिन्हांना मराठीत काय म्हणायचं? इथे ऑपरेटर म्हटलं की मशीनवरचा माणूसच डोळ्यांपुढे येतो.

अक्कलकोट रोड: 'परिकर्म' घ्या. जुन्या गणितात बेरजेपासून घनमुळापर्यंतच्या आठ क्रियांना हेच नाव होतं.

होटगी रोड: त्या आठांत तुलना कुठे आहे? शिवाय परिकर्म ही क्रिया, चिन्ह नव्हे. 'क्रियाचिन्ह' बरं.

शेळगी: ऑपरेटरच राहू द्या, शिकणाऱ्याला पडद्यावर तेच दिसणार. खरी अडचण 'बाकी'ची. वहीत बाकी म्हणजे येणं, भागाकारात उरलेलं. ५०० नगांचे डझन केले की ४१ डझन आणि बाकी ८; एक्सेलचं मॉड (MOD) हे फंक्शन हेच देतं. परत आलेला माल उणे ७ मांडून १२ ने भागलात तर मॉडची बाकी ५ येते, जावास्क्रिप्टच्या % ची (तिथे हे टक्क्याचं नाही, बाकी काढायचं चिन्ह) उणे ७.

अक्कलकोट रोड: म्हणून तर भागाकारात उरलेल्याला 'शेष' म्हणावं, 'बाकी' वहीला ठेवावी.

होटगी रोड: शाळेत बाकीच म्हणतात हो. 'शेष' कोण बोलतं?