वरच्या दाढेचं इम्प्लांट: 'हाड कमी आहे' म्हणजे किती कमी? (ठाणे/नवी मुंबई)

नौपाडाकर
मंडळी, सल्ला हवाय. आईची (वय ६४) वरची डावी पहिली दाढ काढून नऊ वर्षं झाली. आता इम्प्लांटचं (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) मनावर घेतलंय, कारण शेंगदाणे. कूट नको, आख्खे हवेत. पहिल्या डॉक्टरांनी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) बघून सांगितलं, "हाड थोडं कमी आहे, पण बसवू." घोडबंदरच्या दुसऱ्यांनी तीच फिल्म बघून सायनस लिफ्ट सांगितली, आठ-नऊ महिने आणि खर्च जवळपास दुप्पट. सायनस म्हणजे सर्दीचं ना, त्याचा दाढेशी काय संबंध, असं आई विचारतेय आणि मलाही सांगता येईना. कुणाकडे जावं?

घणसोली_फास्ट
ओपीजीवर निर्णय घेऊ नका, सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) काढा. माझी खालची दाढ होती. नुसत्या ओपीजीवर इम्प्लांट बसवलं आणि खालचा ओठ चार महिने बधिर. चहा हनुवटीवरून ओघळायचा आणि कळायचंही नाही. खालच्या जबड्यातून नस जाते, तिच्यापासून २ मिमी अंतर ठेवायचं असतं, हे मला नंतर कळलं. डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, खाजगी मेसेजही करू नका.

दाते_आडनाव_नाही
नेरूळला बरीच वर्षं प्रॅक्टिस केली, आता बंद आहे, त्यामुळे जाहिरात समजू नये.

वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालामागे वरच्या जबड्याच्या हाडात हवेची पोकळी असते, तोच मॅक्सिलरी सायनस. दाढ गेली की मधला स्लॅब दोन्हीकडून पातळ होतो: खालून हाडाची कड झिजते, वरून पोकळी पसरत खाली येते. त्यात या भागातलं हाड मुळातच जबड्यात सगळ्यात मऊ. खालच्या पुढच्या दातांपाशी ड्रिल सागवानात गेल्यासारखं जातं, इथे थर्माकोलमध्ये. सागवानाचीही गोची आहेच. घट्ट हाडात पाणी न मारता ड्रिल केलं तर हाड तापतं, आणि साधारण ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी मरायला लागतं.

'हाड कमी' हे उत्तर म्हणून घेऊच नका. उंची कमी की रुंदी? ४ मिमी जाडीच्या इम्प्लांटला दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी हाड धरलं तर ७ मिमी रुंदी झाली. ओपीजीत रुंदी दिसतच नाही, उंचीही मोठी होऊन दिसते. सायनसच्या तळापर्यंतची उंची ५ मिमीच्या आत असेल तर बहुधा बाजूने खिडकी पाडून सायनसचं अस्तर उचलतात, खाली ग्राफ्ट (हाडाची भर) भरतात आणि ते जमेपर्यंत थांबतात. थोडी जास्त असेल तर इम्प्लांटच्याच भोकातून अस्तर हलकेच वर ढकलता येतं. म्हणजे दुसरे डॉक्टर लुटतायत असं लगेच समजू नका.

आईंना शुगर आहे? मशेरी? हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू आहे? हे दोघांपैकी कुणी विचारलं का?

नौपाडाकर
सीबीसीटी झाला. उंची ४.२ मिमी, रुंदी ८. म्हणजे रुंदी आहे, उंची नाही. शुगर नाही, मशेरीही नाही. पण आठवड्याची गोळी चार वर्षं चालू आहे, दर रविवारी उपाशीपोटी. दोघांनीही विचारलं नव्हतं. आईला तर ती कॅल्शियमचीच वाटत होती.

दाते_आडनाव_नाही
पाकिटावर अ‍ॅलेंड्रोनेट लिहिलंय का बघा. या औषधांनी जबड्याचं हाड क्वचित न भरता उघडं राहतं. कॅन्सरमध्ये मोठे डोस देतात तेव्हा धोका बराच जास्त, ठिसूळपणाच्या गोळीत कमी, पण वर्षं वाढतात तसा वाढतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, चार दिवस थांबवून काही साधत नाही. सहा महिन्यांचं डेनोसुमॅब इंजेक्शन असेल तर ते लांबवणं आणखी वाईट, मणके मोडू शकतात. गोळी लिहिणारे आणि दात बघणारे, दोघांचं आपसात बोलणं करून द्या.

शाकाहारी_वाशी
ग्राफ्ट कशाचा ते आधीच विचारा. बरेचदा गाईच्या हाडापासून केलेली पूड असते आणि वरचा पडदा डुकराच्या कोलेजनचा. आमच्या आजींना टाके घातल्यावर कळलं, मग घरात जे झालं ते झालं. सिंथेटिकही मिळतो.

नौपाडाकर
बाप रे, हे डोक्यातच आलं नव्हतं. आई माळकरी आहे, नक्की विचारतो.

घणसोली_फास्ट
ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडा आणि एखाद्या डेंटल कॉलेजात दाखवा. नेरूळला डी. वाय. पाटील, बेलापूरला भारती विद्यापीठ, कामोठ्याला एमजीएम. वेळ जातो, पण सर्जन आणि दात बसवणारे एकाच इमारतीत भेटतात.

नौपाडाकर
मंगळवारी सकाळी नेरूळला नेतोय. सीडी आणि गोळीचं पाकीट पिशवीत टाकलंय. शेंगदाण्यांवर तोडगा काय? आईने विचारलंय, मी नाही.

दाते_आडनाव_नाही
उजव्या बाजूने. आणि भाजलेले नकोत, उकडलेले.