सॉफ्टवेअरला पेटंट हवंच कशाला? कॉपीराइट पुरत नाही का?

सेमीकोलन:
सरळच बोलतो, सॉफ्टवेअरला पेटंट नकोच. कोड लिहिला की कॉपीराइट आपोआप लागतो, ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या जागतिक करारातही प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखं संरक्षण द्या असं लिहिलंय, मग त्यावर अजून एक कुलूप कशाला? चित्रांच्या जिफ फाइलचं घ्या. फॉरमॅट १९८७ चा, लोक बिनधास्त वापरत होते आणि १९९४ संपता संपता कळलं की आतल्या एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनचं (फाइल लहान करायच्या पद्धतीचं) पेटंट युनिसिस कंपनीकडे आहे, जिफ बनवणारं सॉफ्टवेअर विकायचं तर लायसन्स घ्या. स्वतःचा कोड स्वतः लिहिलेली माणसं अडकली हो! शेवटी वैतागून पीएनजी हा चित्रांचा दुसरा फॉरमॅट काढला लोकांनी.

तर्कटी:
आणि पीएनजी जिफपेक्षा सरस निघाला, तेही सांगा की 😀
कॉपीराइट फक्त लिहिलेल्या कोडला असतो, त्यामागच्या कल्पनेला नाही. फिनिक्स कंपनीने १९८४ मध्ये आयबीएमच्या बायॉसला (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) पर्याय कसा काढला? एका टीमने मूळ बायॉस काय काय करतो ते लिहून काढलं, दुसरीने मूळ कोड न बघता नुसत्या त्या वर्णनावरून नवा लिहिला. २०१२ मध्ये युरोपच्या कोर्टानेही सॅस या सॉफ्टवेअर कंपनीच्या केसमध्ये हेच म्हटलं, प्रोग्रॅम काय काम करतो याला कॉपीराइट नाही. मग ज्याने मूळ युक्ती शोधली त्याच्या हाती काय, धुपाटणं?

सेमीकोलन:
बायॉसचं उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. तसे क्लोन, म्हणजे आयबीएमसारखेच चालणारे दुसऱ्या कंपन्यांचे पीसी, निघाले म्हणून पीसी स्वस्त झाले.

रात्रपाळी:
मधेच नाक खुपसतो. पेटंटची मुदत २० वर्षं, तेवढ्यात सॉफ्टवेअरच्या किती पिढ्या जातात. अ‍ॅमेझॉनला एका क्लिकवर ऑर्डर द्यायचं पेटंट १९९९ मध्ये मिळालं ते २०१७ पर्यंत चाललं, यात शोध कसला डोंबलाचा? २०१४ च्या अ‍ॅलिस केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अमूर्त कल्पना नुसती साध्या कॉम्प्युटरवर चालवली म्हणून पेटंट मिळणार नाही, पण अमूर्त म्हणजे नेमकं कुठपर्यंत ते काही धड सांगितलं नाही. वकिलांची चांदी.

तर्कटी:
एक क्लिकवालं फालतूच होतं, पण तो दोष तपासणाऱ्यांचा, म्हणून कायदाच मोडीत काढणार का? आरएसए ही एन्क्रिप्शनची, म्हणजे माहिती गुप्त करायची पद्धत बघा, ते खरं डोक्याचं काम. एन्क्रिप्शनचा अल्गोरिदम लपवून चालत नाही, दहा जणांनी तपासला तरच विश्वास बसतो. पेटंट नसेल तर लोक चांगल्या गोष्टी छापायच्या सोडून सर्व्हरवर दडवून ठेवतील.

सेमीकोलन:
दडवतील? अहो, आरएसए १९७७ मध्ये आधी छापून आला, पेटंटचा अर्ज नंतर! म्हणून तर बहुतेक देशांत पेटंट मिळूच शकलं नाही, अमेरिकेबाहेर तो पहिल्यापासून मोकळाच होता. काय बिघडलं तिथे?

तर्कटी:
आणि आरएसए शोधणाऱ्या रिव्हेस्ट, शमीर, एडलमन यांची कंपनी कशावर चालली? त्याच अमेरिकेतल्या पेटंटच्या लायसन्सवर ना?