जानेवारीची जंगलसहल आणि तंबूची जागा : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-२०३ : सर्वांना नमस्कार. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी इमारतीतील मुलांना घेऊन नदीकाठी एक रात्र तंबूत राहावे आणि रविवारी पहाटे चोरवणे गावाहून नागेश्वराच्या गुहेतील देवळामार्गे वासोटा किल्ल्याकडे चढावे, असा आम्हा काही पालकांचा विचार आहे. तंबूंसाठी कोळकेवाडी धरणाच्या खालच्या अंगाला वाशिष्ठी नदीच्या पात्रातील गोट्यांची एक सपाट जागा पाहून ठेवली आहे. पावसाळा संपून बरेच दिवस झालेले असतील, त्यामुळे पाण्याचा धोका नाही असे आम्ही धरून चाललो आहोत. कोणाच्या सूचना असल्यास कृपया कळवाव्यात.

ए-१०१ : मी जलविद्युत केंद्रात नोकरी केलेला माणूस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पावसाळा संपला म्हणजे वाशिष्ठी निवांत झाली, हे निदान चिपळूणकराने तरी धरून चालू नये. उन्हाळ्यातही आपली नदी भरलेली दिसते ती पावसावर नव्हे, कोयनेच्या अवजलावर, म्हणजे वीज काढून झाल्यावर सोडलेल्या पाण्यावर. शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे पाणी बोगद्यांतून घाटाखाली पोफळीला उतरते, तेथे वीज देऊन कोळकेवाडीच्या तलावात येते, आणि तेथील केंद्रातून पुन्हा वीज काढून झाल्यावर वाशिष्ठीला मिळते. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यास मुभा दिलेले पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. एवढे पाणी ज्या वाटेने समुद्राकडे जाते, त्या वाटेवर आपण मुले झोपवणार आहोत.

आता खरी मेख सांगतो. कोयनेचे वीजनिर्मिती संच मुख्यतः मागणीच्या ऐन वेळेसाठी ठेवलेले असतात, म्हणजे राज्यात विजेचा वापर सकाळी आणि संध्याकाळी चढला की ते चालू होतात आणि मागणी उतरली की थांबतात. त्यामुळे आभाळ निरभ्र असताना, वर कोठेही थेंब पडलेला नसताना, नदी चढू शकते. दुपारी तंबू ठोकताना जी जागा कोरडी ठणठणीत दिसते, ती संच चालू झाल्यावर कोरडी राहीलच असे नाही. पाणी सोडताना भोंगा वाजेल या भरवशावरही राहू नये, कारण खळाळाजवळ झोपलेल्या माणसाला तो ऐकू येतोच असे नाही. जागा पाहायला पुन्हा गेलात तर खडकांवरचा ओला पट्टा किती उंचीवर आहे आणि झुडपांच्या बुंध्यांना पालापाचोळा कोठवर अडकला आहे, एवढे पाहा. माझ्या मते तंबू पात्रात नकोच, पहिल्या दरडीच्या वर, कोणाच्या तरी मळ्यात किंवा खळ्यात मालकाला विचारून ठोकावा.

सी-३०२ : काकांच्या म्हणण्याला जोड म्हणून सांगते की वाशिष्ठीत मगरी आहेत. त्या प्रामुख्याने खाली गोवळकोट ते दाभोळच्या खाडीच्या बाजूला दिसतात हे खरे असले, तरी पहाटे मुलांनी एकटे तोंड धुवायला काठावर जाऊ नये, हा नियम सगळ्याच पात्राला लावावा.

बी-२०३ : काका, ताई, मनापासून आभार. पात्रातील जागा रद्द केली. मग तंबू सरळ वर जंगलातच, नागेश्वराच्या गुहेपाशी लावले तर चालतील का? महाशिवरात्रीला तेथे शेकडो माणसे जातातच की.

डी-४०४ : यात्रेची गोष्ट वेगळी, दादा. नागेश्वर आणि वासोटा हे दोन्ही कोयना वन्यजीव अभयारण्यात येतात आणि २०१० पासून हे अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि आग पेटवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शेकोटी, भाजलेले कणीस वगैरे जे काही मुलांना कबूल केले असेल ते गावातल्या अंगणात करावे. वासोट्यावर मुक्कामास मनाई आहे. बामणोलीहून बोटीने जाणाऱ्यांनाही वनखात्याकडे नोंद करून, शुल्क भरून, दिवस मावळण्याआधी परत फिरावे लागते.

मला विचाराल तर दहा वर्षांखालील मुले बरोबर असताना चोरवण्याची वाट धरूच नये. तो चढ खडा आहे, पावसाळ्यानंतर वरचे पाण्याचे साठे एकेक करून आटत जातात, आणि निम्म्यावर एखादे मूल थकले तर उतरणे चढण्याहून अवघड होते. मोठ्या मुलांनी आणि बापयांनी परवानगी काढून, चोरवण्यातला वाटाड्या घेऊन, उजाडताच चढायला लागावे. लहानांसाठी बामणोलीहून बोट आणि पायथ्याच्या मेट इंदवलीहून गड, हा मार्ग लांबचा असला तरी सुसह्य आहे. ‘आपलाच डोंगर’ म्हणून वाटाड्याचे पैसे वाचवणारे लोक मी बरेच पाहिले आहेत. वाट चुकलेले बहुतेक त्यांच्यातलेच असतात.

ए-२०१ : त्या रानात गवे आणि अस्वले आहेत असे ऐकते. मुलांना सोडायचे की नाही, या विचारात आहे.

डी-४०४ : आहेत, वहिनी. पण दिवसा, बोलत-चालत जाणाऱ्या घोळक्याच्या वाटेला ती सहसा येत नाहीत. गवा समोर आला तर फोटोसाठी पुढे न जाता त्याला वाट द्यावी आणि सावकाश मागे सरावे. मला जास्त भीती आग्या मोहोळाची वाटते, कारण ती आपल्या वागण्याने ओढवून घेतलेली असते. कड्याखाली थांबून धूर करणे, दगड मारणे, अंगावर अत्तराचा फवारा मारणे, आरडाओरडा करणे, यातले काहीही मोहोळ उठवायला पुरते. माश्या उठल्याच तर तोंड आणि मान झाकून दाट झाडीतून दूर पळावे. हात झाडत एका जागी उभे राहू नये आणि पाण्यात उडी तर मुळीच मारू नये, कारण माश्या वर घिरट्या घालत राहतात.

सी-१०३ (डॉक्टर) : माझ्या बाजूने थोडेसे. कोकणात फुरसे मुबलक आहे. नाग, मण्यार आणि घोणसही आहेत. या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयात मिळते. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. अंगठी, बांगडी काढावी, दंश झालेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला न चालवता उचलून आणावे आणि १०८ ला फोन करावा. आपल्याला कामथ्याचे उपजिल्हा रुग्णालय सोयीचे पडेल. साप मारून किंवा पकडून आणण्याची गरज नाही. रात्री तंबूबाहेर पडताना विजेरी आणि बूट, झोपण्यापूर्वी तंबूची चेन पूर्ण बंद, आणि सकाळी बूट झटकून घालणे, एवढ्याने बरेचसे साधते.

ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळूनच द्यावे. गवतातून फिरल्यावर मुलांच्या काखा, कानामागची जागा आणि पोटऱ्या पाहून गोचीड काढावी. २०१६ पासून दोडामार्गच्या बाजूला माकडताप आढळतो, तो गोचिडीमुळेच पसरतो. परत आल्यावर पंधरवड्याच्या आत कोणाला कडक ताप आला तर जंगलात गेल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.

बी-२०३ : मग असे ठरवू या का? शनिवारी दुपारी चोरवण्यात पोहोचावे आणि ओळखीच्या घराच्या खळ्यात तंबू लावावेत. रविवारी चौदा वर्षांवरील मुले व मोठी माणसे वाटाड्यासह फक्त नागेश्वरपर्यंत जाऊन येतील, वासोटा या वेळी नको. लहान मुले खाली गावातच थांबतील. वनखात्याकडील अर्ज मी सोमवारी देतो. त्यासाठी प्रत्येकाने ओळखपत्राची प्रत मला खाजगीत पाठवावी.

ए-१०१ : योग्य. आणखी एक करा. वर फोनला रेंज नसते, म्हणून कोण किती वाजता निघाले आणि किती वाजता परतणार, हे कागदावर लिहून गावात थांबणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे ठेवा. दुपारी एकला, जेथे असाल तेथून मागे फिरायचे, गुहा दिसत असली तरी. वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे. ती आणि १०८ हे दोन्ही क्रमांक त्याच कागदावर लिहा.

ए-२०१ : आमच्या घरून दोघे येतील. तंबू नाही, कोणाकडे जादा आहे का?

सी-३०२ : माझ्याकडे चार माणसांचा आहे, पण त्याचे दोन खुंटे हरवले आहेत. सहलीच्या आधीच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सगळेच तंबू उघडून पाहू.