टोको टूकनचं खाणं: पेलेट कोणते, फळं कोणती?

ह्यूस्टनकर
नमस्कार मंडळी. ब्रीडरने हातावर वाढवलेला टोको टूकन (मोठ्या नारिंगी चोचीचा, फळं खाणारा दक्षिण अमेरिकी पक्षी) घरी आणलाय. वय ५ महिने, वजन ५६० ग्रॅम. पिंजरा ६ फूट लांब, ४ फूट रुंद, ६ फूट उंच. सध्याचं खाणं: पोपटांचे रंगीत पेलेट (तयार खाण्याच्या गोळ्या) भिजवून, सोबत पपई, संत्रं, कलिंगड, डाळिंब. संध्याकाळी चार-पाच मनुका. शंका तीन आहेत.
१. शी अगदी पाण्यासारखी होते आणि डाळिंबाचे दाणे थोड्या वेळात जवळजवळ जसेच्या तसे बाहेर येतात. जुलाब आहेत का?
२. सकाळी गार असलेली चोच दुपारी हाताला चक्क गरम लागते. ताप?
३. चोचीच्या टोकाचा मिलिमीटरभर टवका उडालाय. घासून सारखी करायची का?

रानपाखरू
तिन्ही शंकांत घाबरण्यासारखं काही नाही. जे घाबरण्यासारखं आहे ते तुम्ही विचारलेलंच नाही.

टूकनला पोपटासारखी अन्न साठवायची पिशवी गळ्यात नसते आणि आतडंही आखूड. फळ आत गेलं की तासाभराच्या आत बाहेर. म्हणून शी पातळ, फळाच्या रंगाची, सालं-दाण्यांसकट. बघायचा तो त्यातला पांढरा भाग. तो पांढराच हवा. पिवळा-हिरवा दिसायला लागला तर यकृताची शंका घ्या आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.

चोच म्हणजे त्याचा रेडिएटर. उकडायला लागलं की तो चोचीतला रक्तप्रवाह वाढवून उष्णता बाहेर टाकतो, गारठ्यात तोच प्रवाह आवळतो. २००९ साली टोकोवरच इन्फ्रारेड कॅमेरे लावून हे दाखवलं गेलंय. टवक्याला हात लावू नका. वरचं आवरण नखासारखं आहे, वाढतं. आत मात्र हाडाची जाळी असते, आणि कानस थोडी खोल गेली की रक्त येतं. भेग लांब गेली किंवा रक्त दिसलं तरच डॉक्टर.

आता खाणं. पोपटांचे पेलेट आजच बंद करा. टूकनचं शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषतं आणि जास्तीचं बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतात साठत जातं. पक्षी वरून ठणठणीत दिसतो आणि एके सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मेलेला सापडतो. पोट फुगणं, धाप लागणं ही लक्षणं दिसलीच तर फार उशिरा. रक्ताच्या तपासणीवर विसंबता येत नाही, खात्री यकृताचा तुकडा तपासूनच होते. त्यामुळे जे काही करायचं ते ताटलीतच.

पिशवीवर 'लो आयर्न, सॉफ्टबिल' (कमी लोहाचे, मऊ अन्न खाणाऱ्या पक्ष्यांसाठीचे) लिहिलेले पेलेट घ्या. पण पुढच्या अक्षरांवर न जाता मागचा आकडा वाचा. लोह १०० पीपीएमच्या (किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या) आत हवं, जितकं कमी तितकं बरं. आकडाच छापलेला नसेल तर पिशवी परत ठेवा. भिजवलेलं कुत्र्याचं खाणं द्या असं कुणी सांगेल. जुन्या काळी देत असत, त्यात लोह भरपूर असतं.

संत्रं बंद. लिंबूवर्गीय सगळं, अननस, किवी, टोमॅटो, स्ट्रॉबेरी, पेरू बंद. सायट्रिक आम्ल आणि क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतात.

फळखाऊ
वरच्या उत्तरात एक भर. आपल्याकडे 'रक्त वाढतं' म्हणून जे जे खायला घालतात ते ते याला नको, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मनुका, खजूर, गूळ, नाचणी, बीट, पालक, काळीज, अंड्याचा बलक. मनुका सुकवलेल्या असल्याने त्यांतलं लोह एकवटलेलं असतं, त्याऐवजी ताजी द्राक्षं द्या. पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब आणले असतील तर त्यात लोह आहे का बघा. फळं लोखंडी विळीवर चिरू नका, स्टीलची सुरी वापरा.

दुसरं, पपईबद्दल. क जीवनसत्त्वात पपई संत्र्याच्या मागे नाही, तरी टूकन पाळणारे सगळे पपईच देतात. कारण तिच्यात आम्ल अगदी कमी आणि लोह नगण्य. तरीही एकाच वाडग्यात पेलेट आणि पपई मला पटत नाही. सकाळी पेलेटसोबत सफरचंद, पेअर, ब्लूबेरी, खरबूज. पपई संध्याकाळी, वेगळ्या वाडग्यात.

प्रमाण: दिवसाला साधारण दोन कप चिरलेलं फळ आणि पाव ते अर्धा कप पेलेट, दोन वेळांत विभागून. फोडी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या. तो चोचीच्या टोकात फोड धरतो, मान मागे टाकतो आणि उडवून घशात घेतो. चावणं नाहीच. म्हणून सफरचंदाच्या बिया आणि देठ काढा. कलिंगड फक्त पाणी, चवीपुरतं. अव्होकाडो आणि चॉकलेट विष.

रानपाखरू
पपई वेगळी देण्यात तोटा काहीच नाही. मात्र पेलेटमधलं लोहच कमी असेल तर शोषायला उरतं किती? आधी पिशवी बदला, मग वाडगे.

जाळीवाला
पिंजऱ्याचं बोलतो. टूकन फडफडण्यापेक्षा उड्या जास्त मारतो, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी कामाची. ६ फूट कसेबसे चालतील, तेही रोज दोन-तीन तास बाहेर सोडलं तर. दोन टोकांना एकाच उंचीवर दोन फांद्या बांधा, मधली जागा मोकळी. फांदी खऱ्या झाडाची, अडीच ते चार सेंटिमीटर जाड. एकसारख्या गुळगुळीत दांडीने तळपायाला फोड येतात. वाडगा फांदीखाली ठेवलात तर शी त्यातच. गजांतलं अंतर इंचापेक्षा जास्त नको. चोच अडकली आणि त्याने झटका दिला की ती पिचते.

फळं चौफेर उडणार. भिंतीला ॲक्रिलिकचा पत्रा लावा, तळाचा कागद रोज बदला. हा आग्रह वासासाठी नाही. सांडलेल्या फळावर उंदीर येतात, आणि उंदरांच्या लेंड्यांतून येणारा यर्सिनिया हा जंतू टूकनला एक-दोन दिवसांत संपवतो.

बाहेर सोडल्यावर स्क्रू, बटणं, नाणी, कानातलं, सुटलेले काळे मणी खाली नकोत. चमकलं की गिळलं. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याचा धूर जीवघेणा असतो. उदबत्ती आणि कापूरही त्या खोलीत नको.

पुणेरी पंख
इथे भारतात ठेवता येईल का?

जाळीवाला
टोको साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या सूची ४ मध्ये येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. विक्रेता कागद दाखवत नसेल तर तिथेच थांबा. आणि कमी लोहाचे पेलेट वर्षभर मिळतील का हे पक्षी घेण्याआधी बघा, नंतर नव्हे. टूकनसारखा दिसतो म्हणून धनेश विचारू नका, आपले धनेश पाळणं गुन्हा आहे.

ह्यूस्टनकर
आभारी आहे. नवे पेलेट मागवले, १०० च्या आतले. पण तो उचलून फेकून देतोय.

फळखाऊ
कोरडेच द्या. भिजवलेले तुमच्याकडच्या उकाड्यात दोन-तीन तासांत आंबतात. सुरुवातीला पिकलेल्या केळ्याचा गर बोटाने पेलेटवर चोळा. पहाटे उपाशीपोटी, भूक असताना हेच आधी, बाकी फळं तासाभराने. रोज त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर वजन घ्या. ५६० चं ५३० च्या खाली गेलं तर फळं पूर्ववत करा आणि डॉक्टरला फोन करा. पोपटांचे पेलेट मात्र परत काढू नका.