म्युटंटांना लोक घाबरतात, यात त्यांचं काय चुकलं?

रात्रपाळी
शेजारच्या बिऱ्हाडातला पोरगा चष्मा काढला की भिंत फोडतो हे कळल्यावर तुम्ही सोसायटीच्या मीटिंगला गप्प बसाल का? मी नाही बसणार.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली मार्व्हलचं एक्स-मेन हे कॉमिक सुरू केलं, जन्मतःच अंगात अचाट शक्ती असलेल्या म्युटंटांचं. तेव्हापासून ऐकतोय की म्युटंट म्हणजे अमेरिकेतले काळे, म्युटंट म्हणजे ज्यू, म्युटंट म्हणजे समलिंगी. माझा आक्षेप इथेच आहे. काळ्या माणसाला घाबरायला गोऱ्याकडे खरं कारण नव्हतं, म्हणून तो पूर्वग्रह. डोळ्यांतून घातक किरण सोडणाऱ्या सायक्लॉप्सला घाबरायला मात्र कारण आहे. 'रोग' नावाच्या म्युटंट मुलीने पहिल्यांदा ज्याचं चुंबन घेतलं तो मुलगा कोमात गेला. असल्या पात्रांवर खऱ्या पीडितांचं रूपक लावलं की आपण नकळत म्हणतो, ही माणसं मुळातच घातक असतात. हा त्यांचा अपमान नाही?

आणि मार्व्हलच्या त्याच न्यूयॉर्कात फॅन्टास्टिक फोर या चौकडीतला जॉनी स्टॉर्म अंगाला आग लावून उडतो, तर त्याच्यामागे चाहत्यांची झुंबड! फॅन्टास्टिक फोर लाडके, एक्स-मेन नावडते. लेखकांची सोय, दुसरं काय.

खडीसाखर
राव, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यानेच पहिला पडतो. भीती जर धोक्याची असती, तर आधी जॉनीची वाटायला हवी होती. त्याला शक्ती अपघाताने मिळाली, म्हणजे तो 'आपलाच' माणूस, नशिबाने काहीतरी गवसलेला. म्युटंट तसा जन्मतो. तो तुमच्या घरात जन्मू शकतो आणि वयात येईपर्यंत बहुधा कळतही नाही. लोकांचा थरकाप त्याने उडतो, आगीने नाही.

१९८१ ची 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' ही एक्स-मेनची कथा काढा. त्या भविष्यात माणसांचे तीन वर्ग आहेत. 'एच' म्हणजे शुद्ध माणूस, त्याला मुलं होऊ द्यायची. 'एम' म्हणजे म्युटंट. आणि मधला 'ए', ज्याच्या अंगात शक्ती कसलीच नाही, फक्त पुढच्या पिढीत म्युटंट निपजण्याची शक्यता आहे. त्याला मूल होऊ द्यायला बंदी. आता सांगा, 'ए' कुणाची भिंत फोडणार होता?

भोचक भवानी
अवांतर आहे, पण राहवत नाही. अमेरिकेत बाहुल्यांवर १२ टक्के आयातकर होता आणि खेळण्यांवर ६.८. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती. मग मार्व्हलची खेळणी बनवणारी टॉय बिझ कंपनी कोर्टात गेली आणि म्हणाली, आमचे एक्स-मेन माणसं नाहीतच. २००३ मध्ये कोर्टाने ते मान्यही केलं. चाळीस वर्षं 'म्युटंटही माणूसच' असं छापायचं आणि पाच टक्क्यांसाठी पलटी मारायची. कॉमिक्समधले म्युटंटांची शिकार करणारे सेंटिनेल यंत्रमानव तरी फुकट मारायचे.

गोदाकाठ
भवानीताई, दंडवत.

धागाकर्त्यांना एकच विचारतो. 'धोका खरा, म्हणून भीती रास्त' हे ठरवलं कुणी? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. नोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवानगी. तो कायदा गेला १९५२ साली, पण आजही कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी गाडी जाते. तिथेही सगळे हेच म्हणतात, 'उगीच नाही म्हणत लोक, अनुभव आहे.' पूर्वग्रह असलेल्या माणसाला आपली भीती कधीच खोटी वाटत नाही. कॉमिक्सने ती खरी करून दाखवली, आणि पुढे विचारलं की समजा खरी असली, तरी जन्मावरून नोंदणी करणार का?

तिरकी रेघ
गोदाकाठ, पारध्यांचं उदाहरण इथे आणणं मला खटकलं. पारध्याच्या पोराच्या डोळ्यांतून किरण निघत नाहीत, आणि रात्रपाळी नेमकं हेच म्हणतायत.

एक्स-मेनच्याच 'अल्टिमेट' मालिकेतला २००३ चा एक अंक आहे. एक मुलगा सकाळी उठतो आणि त्याच्या आसपासची माणसं मरायला लागतात. त्याने काहीच केलेलं नाही, त्याची शक्तीच तशी. गुहेत लपलेल्या त्या पोराकडे एक्स-मेनमधला वुल्व्हरीन जातो, त्याच्याशी बोलत बसतो, बिअर देतो आणि त्याला संपवतो. आपल्या बाजूचा, 'चांगला' वुल्व्हरीन! खऱ्या जगातल्या कुठल्या अल्पसंख्याकावर हे बेतणार? काही ठिकाणी रूपक तुटतं हे मान्य करायला एवढं जड का जातंय?

खडीसाखर
तुटतं की. पण असा पोरगा लाखात एक. मोरलॉक आठवा, न्यूयॉर्कच्या रस्त्यांखालच्या बोगद्यांत राहणारे म्युटंट. त्यांच्यात कितीतरी जण असे की लोकांना त्यांचा नुसता चेहरा सहन होत नाही. सायक्लॉप्स निदान चष्मा लावून कॉफी प्यायला जातो. एक्स-मेनच्या शाळेत घेतात तेही बहुतेक देखण्यांनाच, हे ती चालवणाऱ्या झेव्हियर सरांनी कधी मनावर घेतलेलं दिसत नाही.

रात्रपाळी
'ए' वर्गाचा मुद्दा माझ्या लक्षातच नव्हता. तेवढं मागे घेतो. भीती शक्तीपुरती असती तर तो वर्ग पडलाच नसता.

पण सोसायटीच्या मीटिंगचं उत्तर कुणीच दिलं नाही. नोंदणी नको, ठीक. सेंटिनेल तर नकोतच. १९६५ सालच्या अंकात बोलिव्हर ट्रास्क या शास्त्रज्ञाने ते बनवले माणसांच्या रक्षणासाठी, आणि पहिल्याच झटक्यात ते माणसांवरच राज्य करायला निघाले. मग करायचं काय? भिंत तर फुटलीय.

भोचक भवानी
पोराच्या आईला मीटिंगला बोलावलं होतं का?

रात्रपाळी
नाही. तिच्याबद्दलच तर मीटिंग होती.